शिसपेनीचं प्रश्नचिन्ह

अक्कांची शिसपेन फार फिकी उठायची. प्रेसमध्ये लाल पेन होतं, निळं होतं; पण अक्का बोटाच्या पेराएवढी उरलेली पेन्सिल वापरायच्या, आणि तीही इतक्या हलक्या हाताने की कागद खिडकीकडे तिरका धरल्याशिवाय खूण दिसायची नाही. चूक सापडली की तिच्याभोवती गोल, समासात बरोबर शब्द, आणि त्या शब्दापुढे एक बारीकसं प्रश्नचिन्ह. लग्नपत्रिकेत 'आर्शिवाद' आला की समासात 'आशीर्वाद?' 'शुभेच्छूक' आला की 'शुभेच्छुक?'

प्रूफं तपासणाऱ्यांच्या खुणांचा एक तक्ता असतो. तो प्रेसच्या भिंतीवर टांगलेला होता. त्यात हे प्रश्नचिन्ह कुठेच नव्हतं. ते अक्कांचं स्वतःचं होतं. आशीर्वादातला रफार कुठे येतो हे शंभर टक्के ठाऊक असूनही त्या रोज विचारायच्या, आणि विचारायच्या कुणाला, तर ज्याला रफार म्हणजे काय हे माहीत नाही अशा माणसाला.

त्याच तक्त्यातली एक खूण मात्र त्यांनी कधीच वापरली नव्हती. आपण केलेली दुरुस्ती रद्द करून मूळ शब्द परत आणायचा असला, की त्या शब्दाखाली टिंबांची रांग काढतात. अर्थ असा की, आहे तसं ठेवा. मी एकदा विचारलं, ही का नाही वापरत? अक्का म्हणाल्या, "ते धीराच्या माणसाचं काम हाय. खोडल्यालं परत उभं करायचं म्हंजे."

बापूंचा प्रेस लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे अजून हातानेच जुळवले जात होते. मी कॉलेजात होते आणि आमच्या संघटनेची पत्रकं छापून घ्यायला तिथे जायचे. आमच्या घरात पोथी नव्हती, पत्रकं होती. मी वाचायला शिकले तीच वडिलांनी आणलेल्या मागण्यांच्या पत्रकांवर. 'आम्ही'शिवायही वाक्य सुरू होऊ शकतं, हे मला फार उशिरा कळलं. उंबऱ्यात माझी शबनम पिशवी दिसली की बापू ओरडायचे, "आलं वादळ! आज कुणाचा निषेध हाय, ताई?"

आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अक्का असायच्या. स्टुलाच्या अर्ध्यावर. उरलेलं अर्धं कुणासाठी राखून ठेवलंय, हे कधी समजलं नाही. चहा आला की त्यांचा कप शेवटी. खिळ्यांच्या लाकडी खणाला धक्का लागला तर त्या खणालाही "चुकलं" म्हणायच्या. कोणतंही वाक्य "माझंच चुकलं असंल, पण" असं सुरू व्हायचं आणि बरेचदा त्या 'पण'पाशीच संपायचं. समोरच्याने भुवई उचलली की अक्का म्हणायच्या, "होगली बिडू." कानडीत याचा अर्थ जाऊ दे, सोड. त्यांच्या तोंडी दिवसातून वीस वेळा जाऊ दे असायचं. काय जाऊ द्यायचं, ते मात्र आतच राहायचं.

माहेर कागलच्या पलीकडे, अगदी सीमेला लागून. लिंगायत घर, घरात सगळं कानडी. धाकटी बहीण अक्का म्हणायची, म्हणून सगळा प्रेस अक्का म्हणायचा. मराठी त्या शाळेत शिकल्या, व्याकरणाच्या पुस्तकातून, एकेक नियम घोकून. आम्हाला मराठी ऐकून येत होती, अक्कांना पाठ करून आली होती. म्हणून ती आमच्यापेक्षा पक्की होती. पण बोलताना मात्र इथल्या बायकांसारखंच, "मी जातो", "मी वाचतो", "न्हाय", "व्हय". शाळेत बाहेरगावच्या एक बाई होत्या. 'न्हाय' म्हटलं की त्या वर्गात उभं करायच्या आणि सगळ्या पोरांकडून एका सुरात "ना-ही" म्हणवून घ्यायच्या. अक्का हे हसत सांगायच्या. पण 'अशुद्ध' हा शब्द त्यांनी तेव्हा जो स्वतःला लावून घेतला, तो पुढे खोडला नाही. लग्न होऊन शहराजवळच्या गडमुडशिंगीला आल्या; नवरा फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामावर, कामाला. वाईट माणूस नव्हता. फक्त प्रत्येक गोष्टीवर त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: "तुला काय कळतंय?" रोज सकाळी बसने प्रेसमध्ये यायचं, दिवसभर इतरांच्या चुका शोधायच्या, संध्याकाळी घरी जाऊन हे ऐकायचं.

एकदा एका लेखकाची ग्रामीण कथा छापायला आली. कथेतला म्हातारा पानोपानी 'हाय' म्हणत होता. अक्कांनी प्रत्येक 'हाय'पुढे 'आहे?' लिहून ठेवलं. लेखक प्रेसमध्ये येऊन कपाळ बडवून घेऊ लागला. "अहो, म्हातारा खेडवळ आहे! तो हायच म्हणणार!" अक्का हळूच म्हणाल्या, "बोलंल की तो. पण छापायचं कसं?" लेखक हसला, बापू हसले, खिळे जुळवणारे कंपोझिटर शंकरमामा हसले. मीही हसले. आता आठवतं तेव्हा हसू येत नाही.

मी तेव्हा जग बदलायला निघाले होते; सुरुवात हाताशी असलेल्या माणसापासून करावी म्हणून अक्कांना धरलं. ते प्रश्नचिन्ह घालवायचंच, असा मी पणच केला होता. "अक्का, ताठ बसा. अक्का, माफी मागू नका. अक्का, हा व्यवस्थेने तुमच्यात पेरलेला न्यूनगंड आहे." अक्का ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हय ताई, चुकलंच माझं." न्यूनगंड बाळगल्याबद्दलही त्या माफी मागायच्या. मी दमून जायचे. त्या माझ्याहून जास्त दमत असतील हे तेव्हा सुचलं नाही.

मग ते पत्रक झालं.

मुलींचा मेळावा होता. शीर्षक मी स्वतः दिलं होतं, मोठ्या टायपात: आत्मसन्मान मेळावा. सकाळी बिंदू चौकात वाटायला उभी राहिले, तर एका चहावाल्याने पत्रक उलटसुलट करून विचारलं, "ताई, आत्मसमान म्हंजे काय वो? सामान हाय का सन्मान?" बघते तर खरंच. न गायब. दोन हजार पत्रकांवर 'आत्मसमान मेळावा'.

मी तरातरा प्रेसमध्ये गेले. बापूंच्या टेबलावर गठ्ठा आपटला. बापूंनी शीर्षक वाचलं आणि मान वळवली. "अक्का! एवढी मोठी अक्षरं, अन् दिसलं न्हाय तुम्हाला?"

कुणी काही सांगायच्या आतच अक्का उभ्या राहिल्या होत्या. "माझंच चुकलं."

आणि मी, माणसाच्या प्रतिष्ठेवर पत्रकं लिहिणारी मी, म्हणाले, "शीर्षकसुद्धा वाचता येत नसेल, तर प्रूफ वाचता कशाला?"

शंकरमामांनी तारेला टोचलेले कागद काढले. प्रूफ खिडकीकडे तिरकं धरलं. समासात होतं: 'आत्मसन्मान?' फिकं, पण होतं. "हाय की हितं," मामा पुटपुटले, "पण हे दिसायचं कुणाला?" बापू मामांवर घसरले, मामा पेन्सिलीवर घसरले, आणि फिरून फिरून सगळं अक्कांच्या हातावरच आलं. प्रूफाच्या खालीच माझा मूळ मजकूर होता. माझ्या हस्ताक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं शीर्षक: आत्मसमान मेळावा. घाईत माझाच न खाल्ला गेला होता. बाकीचे भांडण्यात गुंतले होते. मी ते पान घडी करून शबनममध्ये टाकलं.

एवढंच. एका क्षणाचं काम. पत्रकं पुन्हा छापली गेली, मेळावा झाला, मी व्यासपीठावरून आत्मसन्मानावर बोलले. टाळ्या पडल्या. ते पान शबनममध्येच होतं.

चार महिने मी ते बाळगलं. त्या चार महिन्यांत अक्कांची पेन्सिल आणखी फिकी झाली. खुणा करताना त्या आता दोन प्रश्नचिन्हं काढू लागल्या होत्या. शेवटी एका दुपारी, बापू जेवायला गेलेले असताना, मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. शीर्षक दोनदा वाचलं.

"म्हंजे माझं बरोबर हुतं?"

"हो अक्का. माझं चुकलं होतं. मी त्या दिवशी..."

"मला वाटलंतं नवा शब्द असंल. तुम्ही शिकल्याली माणसं, चळवळीत रोज नवं शब्द येत्यात. म्हणून बारीक लिवलं."

"अक्का, मला माफ करा."

त्यांना माझी माफी ऐकूच आली नाही. पानावर बोट ठेवून त्या पुन्हा म्हणाल्या, "म्हंजे माझं बरोबर हुतं." या वेळी त्यात प्रश्न नव्हता. "हे पान मला ठिवू द्या." आणि त्यांनी ते आपल्या जुन्या शब्दकोशात घातलं.

मला वाटलं, सुटले. पुढच्या आठवड्यात गेले तर अक्कांनी मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी तुला पान दिसलंतं न्हवं?"

इतकी वर्षं त्या मला 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' झाले.

"दिसलं होतं."

"मग?"

मी शबनमचा बंद उगाचच नीट करू लागले. अक्कांनी थोडी वाट पाहिली आणि प्रूफ पुढे ओढलं. "बस पोरी. च्या सांगितलाय." होगली बिडू मात्र म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहत होते.

त्यानंतर अक्कांनी स्वतःसाठी एक नियम केला. तो माझ्या कुठल्याच पुस्तिकेत नव्हता. आधी मजकूर, मग माफी. "माझं चुकलं" जिभेवर आलं की थांबायचं, मूळ मजकूर काढायचा, ओळीवर बोट ठेवून वाचायचं आणि मगच काय ते बोलायचं. खरंच चुकलं असेल तर मान्य. नसेल तर गप्प राहायचं. "लगेच भांडाय जमत न्हाय मला," त्या म्हणायच्या, "पण गप बसाय जमतंय. माफी मागण्यापरीस गप बसलेलं बरं." जोडीला दुसरा नियम: रोज एक प्रश्नचिन्ह कमी. दिवसात चाळीस दुरुस्त्या असल्या तर एकोणचाळिसांपुढे प्रश्नचिन्ह, एक मोकळी. ती एक निवडायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागायचा.

हळूहळू हा नियम घरीही पोचला. एकदा सकाळी येऊन त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे विशेषच. नवऱ्याची किल्ली हरवली होती आणि तूच कुठंतरी टाकलीस म्हणून तो ओरडत होता. "मी म्हटलं, मी टाकली हे कुठं लिवलंय? मजकूर दावा."

शंकरमामांच्या हातातून खिळा पडला. "मग?"

"मग काय. ते माझ्याकडं बघाय लागले. म्हणाले, मजकूर कसला? तुला काय कळतंय? मी म्हटलं, मला वाचाय कळतंय. मग गप बसले. जेवले न्हाईत, पण गप बसले."

"अन् किल्ली?"

"त्यांच्याच खिशात हुती की!"

प्रेस हसला आणि त्या हसण्यात अक्काही होत्या. मी लगेच मनातल्या मनात विजयाचं पत्रक लिहून टाकलं. घाई ही माझी जुनी खोड.

त्याच घाईत मी त्यांना शिबिराला नेलं. दोन हजारनंतर गावात अशा शिबिरांचं पेव फुटलं होतं. भाड्याचा हॉल, गळ्यात टाय बांधलेला वक्ता, मागे मोठा फलक: 'व्यक्तिमत्व विकास शिबिर'. वक्त्याने सगळ्यांना उभं करून ओरडायला लावलं, "मी जिंकणारच!" मग एकेकाने उठून स्वतःबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची होती. माईक फिरत फिरत अक्कांकडे आला. त्या उभ्या राहिल्या. पदर बोटाला गुंडाळला, सोडला.

"बोला मावशी, घाबरू नका! तुमच्यात काय चांगलं आहे?"

अक्का म्हणाल्या, "तुमच्या फलकावर एक त कमी हाय."

हॉल खो खो हसला. वक्त्याने मागे वळून पाहिलं, त्याला काहीच दिसलं नाही. "मावशी, हेच ते! आपण दुसऱ्याच्या चुका बघतो, स्वतःतलं चांगलं बघत नाही. टाळ्या वाजवा मावशींसाठी!" टाळ्या वाजल्या. अक्का बसल्या, खुर्चीच्या अर्ध्यावर.

त्यांना स्वतःबद्दलची चांगली गोष्टच विचारली होती, आणि त्यांनी तीच सांगितली होती, हे त्या हॉलमध्ये कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मी उठून बोलायला हवं होतं. त्याही दिवशी मी बसून राहिले. शिबिर भरवणाऱ्यांत मी होते; वक्ता मीच ठरवला होता, फलकाचा मजकूरही मीच पाहिला होता. बाहेर आल्यावर अक्कांनी विचारलं, "एक त कमी हुता न्हवं? का माझंच..."

"कमी होता, अक्का. व्यक्तिमत्त्वात दोन त असतात."

"मग हसले का?"

पुढचे काही आठवडे समासात पुन्हा सगळीकडे प्रश्नचिन्हं. सुधारणा ही चढत जाणारी रेघ असते, असं मी पत्रकांत कितीतरी वेळा लिहिलं आहे. ती तशी नसते. अक्का पुन्हा रोज एक प्रश्नचिन्ह कमी करण्यापासून सुरू झाल्या. मग मध्ये नवऱ्याचं आजारपण आलं, मग तो गेला, तेव्हा पुन्हा मागे. मग पुन्हा एक. मी त्यांना काही सांगणं सोडून दिलं होतं. तोवर माझीही बरीच पत्रकं वाया गेली होती, बरोबरची माणसं पांगली होती, आणि भाषण करून घरी आल्यावर आरशात बघायचा मलाही कंटाळा येऊ लागला होता. कधी कधी मी नुसती प्रेसमध्ये जाऊन बसायचे. अक्का प्रूफ वाचायच्या, त्यांच्या ओठांची हालचाल बघत मी चहा प्यायचे. कुणी कुणाला सुधारत नव्हतं. ते बरं वाटायचं.

खिळे भंगारात गेले, बापूंनी कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला अक्कांच्या फिक्या खुणा दिसेनात, तेव्हा बापूंनी एक दिवस त्यांच्यापुढे लाल पेन ठेवलं. ओरडले नाहीत. "अक्का, तुमचं चुकत न्हाय हे मला वीस वर्सं म्हाईत हाय. जरा दिसंल असं लिवा की." वीस वर्षं माहीत होतं, आणि सांगितलं त्या दिवशी! अक्कांनी पेन घेतलं. पेन्सिल टाकली नाही; ती चष्म्याच्या डबीत ठेवली.

माझं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा अक्कांनी काम सोडलं होतं. कागलला बहिणीकडे राहायला जायचं ठरलं होतं. तरी प्रूफं मी त्यांनाच दिली. पुस्तकात अक्कांवर दोन पानं होती, ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. शेवटचं वाक्य मी फार खूश होऊन लिहिलं होतं: 'आणि अशा रीतीने अक्कांनी आपल्या न्यूनगंडावर मात केली.'

कागलला निघाल्या त्या दिवशी स्टँडवर भेटल्या. दोन पिशव्या, काखेत तो जुना शब्दकोश. प्रूफांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि बसमध्ये चढल्या. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "शेवटचं पान घरी जाऊन बघ. माझंच चुकलं अस..." आणि थांबल्या. मनातल्या मनात काहीतरी काढून त्यावर बोट ठेवल्यासारखा चेहरा झाला. "न्हाय. बघितलंय मी."

घरी जाईपर्यंत मला कुठला धीर. तिथेच पान काढलं. 'मात केली' हे शब्द लाल रेघेने खोडले होते. समासात लिहिलं होतं: 'मात न्हाय. चालू हाय.' मग बहुधा स्वतःच लिहिलेल्याची धास्ती वाटली असावी. 'न्हाय' आणि 'हाय' खोडून वर शुद्ध 'नाही' आणि 'आहे' लिहिलं होतं. मग त्या दोन्ही शब्दांवरही काट होती. आणि खोडलेल्या 'न्हाय'खाली, खोडलेल्या 'हाय'खाली, लाल पेनाने, तक्त्यातली ती टिंबांची रांग.

पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं.

मी मान वर केली. बस वळत होती. अक्का खिडकीत दिसल्या, शब्दकोश मांडीवर घेऊन समोर बघत असलेल्या. मी पान हलवून ओरडले, "अक्का, हे असंच छापायचं?"

इंजिनाच्या आवाजात त्यांचं बोलणं बुडून जायला हवं होतं. पण स्टँडवरच्या चार माणसांनी वळून बघावं, एवढ्या मोठ्याने त्या बोलल्या होत्या.

"हाय तसं र्‍हाऊ दे!"